आवळ्यामामाचा पट्टा

आवळ्यामामा एखाद्या जनावराबद्दल 'नाही राहणार' म्हणाला की ते राहत नसे. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात हे इतकं पक्कं झालं होतं, की झाडूवाली ते दोन शब्द ऐकताच कोपऱ्यातल्या खिळ्यावरचं पोतं काढून झटकून ठेवायची. जनावर अजून जिवंत असायचं, पिंजऱ्यातनं टकमक बघत असायचं. मालक बाहेर बाकावर आस लावून बसलेला असायचा. आणि इकडं पोतं तयार. बत्तीस वर्षांत मामाचा शब्द पाच-सहा वेळाच खाली पडला असेल, आणि तेव्हा मामाच दिवसभर ओशाळल्यासारखा हिंडायचा.

म्हणून त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची घंटी पोट शिवून तिसऱ्या पिंजऱ्यात आली तेव्हा आम्ही कुत्रीकडं कमी आणि मामाच्या तोंडाकडं जास्त बघत होतो.

घंटी ही कुत्री. पिवळट रंगाची, एक कान उभा, एक पडका. दिसायला कुणी घरात घेणार नाही अशी. पण तिच्या चार पायांवर एका बाईचं सगळं राहणं उभं होतं. मामाची बहीण ठार बहिरी. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि कान कायमचे गेले. समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजायची, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा गेल्यावर ती एका खोलीत एकटी राहायची, शिंप्याकडनं सदरे आणून काजं-बटणं करायची. दारावर कुणी आलं की घंटी तिच्या कपड्याचं टोक ओढायची. दूध उतू चाललं, नळ चालू राहिला, शेजारी कुणी ओरडलं, तरी तेच. मुलगा दूरच्या शहरात होता. त्याचं एकच टुमणं, की म्हातारपणी एकटी राहू नको, माझ्याकडं ये, स्वयंपाकघरामागची खोली रिकामी आहे. ती खोली तिनं एकदा बघितली होती. खिडकी नव्हती. शेवटी मायलेकांत असं ठरलं होतं, की कुत्री आहे तोवर ती इथं राहील. कुत्री गेली की सामान बांधायचं.

आता मामा. त्याचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं. आवळ्या हे नाव थोरल्या डॉक्टरांनी ठेवलेलं, कारण गडी आवळण्यात वस्ताद. अंगानं बुटका, मान जवळजवळ नाहीच, मनगटं म्हणजे विहिरीच्या दोरखंडाला पीळ घातल्यासारखी, आणि अंगठे मागं वळलेले. त्यानं बांधलेलं काहीही सुटायचं नाही. घरी त्याची बायको वैतागून असायची. पिठाच्या पिशवीला यांनी गाठ मारली की मला शेजारणीकडनं कोयता आणावा लागतो, असं ती चारचौघांत सांगायची, आणि मामा ते कौतुक समजून मिशीत हसायचा.

ही विद्या त्याला बापाकडनं मिळाली होती. बाप खेचरांवर चुन्याची पोती लादून डोंगर उतरायचा. खेचर हे महा बेरकी जनावर. पाठीवर खोगीर टाकून पोटाखालनं तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, ओढायला घेतला की ते छातीभर श्वास घेऊन पोट टम्म फुगवतं. तुम्हाला वाटतं तंग घट्ट बसला. चार पावलं गेलं की ते श्वास सोडतं, तंग ढिला पडतो आणि ओझं दरीत. बापानं पोराला शिकवलं ते एवढंच, की ओढायची घाई करायची नाही. तळहात बरगडीवर ठेवायचा, खेचराच्या कानामागं खाजवायचं, वाट बघायची. कधीतरी ते श्वास सोडणारच. सोडला की त्याच क्षणी एक भोक पुढं. पुन्हा वाट. पुन्हा एक भोक. मामाच्या हातनं लादलेलं एकही पोतं कधी घसरलं नाही, आणि खेचर डोंगर उतरताना चालताचालता गार पडलं तर ते वयानं पडलं, असंच सगळे म्हणायचे.

पुढं रस्ता झाला, मोटारी आल्या, खेचरं विकली गेली आणि मामा आमच्या दवाखान्यात जनावरं धरायच्या कामाला लागला. पहिल्याच महिन्यात एका शिकारी कुत्र्यानं रात्रीतनं टाके तोडून आतडी बाहेर काढली. थोरले डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. मामा म्हणाला, डॉक्टर, मला बांधू द्या की. आणि त्यानं बांधला. तिथनं पुढं बत्तीस वर्षं दवाखान्यात पोट फाडलेलं जनावर मामाच्या पट्ट्याशिवाय पिंजऱ्यात गेलं नाही.

ते बांधणं बघण्यासारखं असायचं. जनावर गुंगीत असतानाच मामा त्याला मांडीशी घ्यायचा. वीतभर रुंदीचं जाड कापड, आधी ओलं करून पिळलेलं. डावा तळहात बरगड्यांवर. श्वास आत चाललाय तोवर मामा ढिम्म. श्वास सुटला, पोट खाली बसलं, की उजव्या हातानं एक वेढा सर्रकन ओढायचा. पुन्हा ढिम्म. सात श्वास, सात वेढे, आणि वर ती गाठ. कापड वाळलं की आणखी आवळायचं. थोरले डॉक्टर नव्या माणसांना दाखवायचे आणि म्हणायचे की माझी शिवण एखादे वेळी उसवेल, पण आवळ्याचा पट्टा म्हणजे सरकारी शिक्का. लोक लांबलांबनं जनावरं आणायचे आणि खिडकीवर आधी विचारायचे, मामा आज आहेत ना?

सगळी जनावरं मरत नव्हती. मरत असती तर कुणाच्याही ध्यानात आलं असतं. तरणी, काटक, साध्या जखमेची जनावरं चौथ्या दिवशी शेपूट हलवत घरी जायची. पण काही जायची नाहीत. ज्यांच्या पोटात आधीच सूज होती, रक्त साचलेलं होतं, आतडी फुगलेली होती, अशांतली काही. ऑपरेशन चांगलं झालेलं असायचं, टाके कोरडे असायचे, आणि दुसऱ्या दिवशी जनावर हळूहळू बसायला लागायचं, आडवं व्हायलाच तयार नसायचं. कोपरं अंगापासनं बाहेर फेकलेली, मान पुढं ताणलेली, तोंड उघडं. गुलाबी हिरड्या दगडी पाटीसारख्या करड्या व्हायच्या. लघवी थांबायची. मामाला हे सगळं पाठ होतं. पिंजऱ्यासमोर उकिडवा बसून तो एकदा बघायचा, उठायचा, आणि ते दोन शब्द बोलायचा. कागदावर लिहिलं जायचं, हृदय बंद पडून मृत्यू. ते खरंच होतं. हृदय बंदच पडायचं.

आठ वर्षांपूर्वी बहिणीचा भुऱ्या असाच गेला. तो तिच्या नवऱ्याचा कुत्रा, नवऱ्यामागं तेवढाच उरलेला. आतड्यात हाड अडकलं होतं. काढलं, शिवलं, मामानं पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा बाहेर बाकापाशी आला, बहिणीसमोर उभा राहिला आणि आवाज न काढता ओठ हलवून म्हणाला, नाही राहणार. तिला वाचता यावं म्हणून सावकाश म्हणाला. ती उठली, आत गेली, आणि भुऱ्या मरेस्तोवर त्याच्या पिंजऱ्यापाशी बसून राहिली. नंतर ती सगळ्यांना सांगायची की माझ्या धाकट्यानं मला अंधारात ठेवलं नाही, त्याच्यामुळं मला शेवटचं बसता आलं.

यंदा दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली. वयानं मामाच्या लेकीएवढी, बोलायला कमी आणि बघायला फार. दोन महिने तिनं मामाचं काम नुसतं बघितलं. मग एक दिवस एका पहारेकऱ्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल मामा सकाळी सकाळी ते दोन शब्द बोलला, झाडूवालीनं पोतं काढलं, आणि डॉक्टरीण पिंजऱ्यापाशी येऊन विचारायला लागली, मामा, तुम्हाला कळतं कसं?

मामा खूश झाला. बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यानं कोपरं, मान, हिरड्या, लघवी, सगळं बोटावर मोजून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"पट्टा नसलेलं जनावर असं बसलेलं बघितलंय कधी?"

मामानं बराच विचार केला. "एकदा. लहानपणी. ओला चारा जास्त खाल्लेली गाय होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. तीही अशीच कोपरं टाकून, जीभ काढून उभी. मग गेली."

"तिच्या पोटात वारा भरला होता."

"हो."

"मग ह्यांच्या पोटात काय भरतं?"

मामा हसला. म्हणाला, बाई, ह्यांच्या पोटात काही भरत नाही, उलट मी दाबून बसवतो.

ती हसली नाही. तिनं एक बारीक नळी आणली, कुत्र्याच्या लघवीच्या जागेतनं मूत्राशयात घातली, तिला एक उभी पारदर्शक नळी जोडली, थोडं पाणी सोडलं आणि शेजारी शाळेत मास्तरांकडं असते तशी लांब लाकडी पट्टी धरली. मामाला सांगितलं, की मूत्राशय ही पोटातली पाण्याची पिशवी. पोटात जेवढा दाब, तेवढं पाणी ह्या नळीत वर चढणार. धडधाकट जनावराचं दोन-तीन बोटं चढतं. ह्याचं बघा. पाणी चढत चढत पट्टीच्या सव्वीस आकड्यावर, म्हणजे चांगलं वीतभराच्या वर जाऊन थांबलं, आणि कुत्र्याच्या प्रत्येक धापेबरोबर तिथं थरथरत राहिलं.

मग तिनं पुढचं सांगितलं. पोट म्हणजे चहूबाजूंनी बंद पेटी. तिच्यात दाब वाढला की छातीच्या आणि पोटाच्या मधला पडदा वर सरकतो, फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही, म्हणून जनावर आडवं होत नाही. मागच्या अंगाकडनं हृदयाकडं रक्त नेणारी मोठी शीर पोटातनं जाते, ती चेपते. हृदयाला रक्तच परत येत नाही. विहीर आटलेली आणि रहाट फिरतोच आहे, असं ते रिकामं रिकामं धडधडतं. मूत्रपिंडं कोरडी पडतात. शेवटी हृदय थांबतं. "पण दुखणं हृदयाचं नसतं, मामा. तुम्ही वेढा कधी ओढता?"

"श्वास सोडल्यावर. तीच तर खुबी आहे."

तिनं पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे सोडलेला श्वास तुम्ही परत येऊ देत नाही."

ते कुत्रं तासाभरात गेलं. पट्टा सोडायची गोष्ट निघाली तोवर उशीर झाला होता, आणि थोरले डॉक्टर तर ऐकूनच घ्यायला तयार नव्हते. कुत्र्याच्या मुतात काठी घालून बत्तीस वर्षांचा अनुभव मोजायला निघाल्यात, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले, आम्हीही हसलो, आणि ती नळी कपाटात गेली. मामा मात्र हसला नाही. त्याला ते फार लागलं होतं. आठ दिवस तो डॉक्टरीणबाईशी कामापुरतंही धड बोलला नाही. पण झाडूवालीनं एक बघितलं होतं. दुपारच्या वेळी कुणी नसताना मामा भिंतीला टेकून बसायचा, स्वतःच्या पोटाभोवती तो जाड कापडाचा पट्टा घ्यायचा, श्वास सोडायचा आणि ओढायचा. मग बसून राहायचा, तोंड उघडं टाकून. कोपरं बाहेर करून. ती म्हणाली, मला वाटलं मामाला येड लागलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी घंटी हातगाडीखाली सापडली. भरलेली गाडी उतारावरनं सुटली होती. ताईला, म्हणजे मामाच्या बहिणीला, मागनं येणारी गाडी ऐकू येईना, म्हणून घंटीनं तिला कपडा धरून बाजूला ओढलं आणि स्वतः चाकाखाली गेली. ताई तिला सदऱ्यांच्या गठ्ठ्याच्या फडक्यात घालून घेऊन आली. पोटात रक्त होतं. प्लीहा फाटली होती. थोरल्या डॉक्टरांनी पोट उघडलं, डॉक्टरीणबाई हाताखाली, मामा पाय धरून. प्लीहा काढली, शिवली. अजून थोडं झिरपतंय, आवळ्या, चांगला कस, असं म्हणून डॉक्टर हात धुवायला गेले.

आणि मामानं कसला. बहिणीची कुत्री. कधी बांधला नसेल असा त्यानं तो पट्टा बांधला. सात वेढ्यांच्या जागी नऊ वेढे. प्रत्येक श्वासाची वाट बघून. डॉक्टरीण एकदा म्हणाली, मामा, पुरे. मामानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रक्त दाबायला पट्टा लागतोच, हे तिलाही माहीत होतं, त्यामुळं तीही पुढं बोलली नाही. गाठ बसली. घंटी तिसऱ्या पिंजऱ्यात गेली.

ताई बाहेरच्या बाकावर. मधल्या दाराला वरनं अर्धी काच होती. बाकावरनं तिला पिंजऱ्यांची रांग दिसायची नाही, पण पिंजऱ्यांसमोर जो उभा राहील त्याचा चेहरा नीट दिसायचा. मांडीवर फडकं घेऊन ती तिथं बसली ती हललीच नाही. कुणीतरी मुलाला फोन करून कळवलं होतं. तो म्हणाला होता की रविवारी गाडी घेऊन येतो, काय व्हायचं ते तोवर होईलच.

बारापर्यंत घंटी झोपून होती. एकला तिनं डोळे उघडले. दोनच्या सुमाराला थोरले डॉक्टर जेवायला घरी गेले आणि मामा पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला. घंटी उठून बसली होती. कोपरं बाहेर. मान पुढं. लघवीसाठी खाली ठेवलेला पत्रा कोरडा ठणठणीत. मामानं बोटानं तिचा ओठ वर केला. करडी पाटी.

तो उठून उभा राहिला. झाडूवाली जवळच होती. तिला काही सांगावं लागायचं नाही, पण सख्ख्या बहिणीची कुत्री, म्हणून तिनं विचारलं.

"मामा, पोतं काढू?"

मामानं तोंड उघडलं. आणि त्याची नजर वर गेली. काचेतनं ताई बघत होती. ती त्याच्या डोळ्यांकडं बघत नव्हती. ओठांकडं बघत होती.

मामानं तोंड मिटलं. आम्ही औषधांच्या खिडकीतनं बघत होतो. त्यानं खालचा ओठ दातांखाली घेतला, आत वळला आणि डॉक्टरीणबाईच्या खोलीत गेला. तिथं काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, बाई, ती नळी आणा.

दोघांनी घंटीला टेबलावर घेतलं. तिला कुशीवर झोपवताना ती हवेसाठी अशी धडपडली, की मामासारख्या गड्याला ती धरवेना. नळी घातली. मामानंच पट्टी धरली. पाणी चढलं. दहा, पंधरा, वीस. मामा नुसता बघत होता. पंचवीस. एकतीसवर ते थांबलं. पहारेकऱ्याच्या कुत्र्यापेक्षा वर.

मामानं पट्टी खाली टाकली आणि कात्री उचलली. डॉक्टरीणबाईनं त्याचं मनगट धरलं.

"एकदम नाही. एकदम सोडलात तर अंगातलं सगळं रक्त पोटात उतरेल आणि हृदय जागच्या जागी थांबेल. शिवाय आतलं झिरपणं परत सुरू होईल. एक वेढा सोडायचा, थांबायचं. मी शिरेतनं पाणी देते. मी म्हणेन तेव्हा दुसरा."

मामा गाठ सोडायला बसला, आणि गाठ सुटेना. त्याचीच गाठ. कापड वाळून दगड झालं होतं. त्यानं अंगठे लावले, नखं लावली, एक नख उलटलं. पाणी ओतलं. शेवटी त्यानं खाली वाकून गाठीत दात रोवले आणि मान हिसडून हिसडून ती सैल केली. घंटीचं पोट त्याच्या कपाळाला टेकलेलं होतं. ते हलतच नव्हतं, एवढं घट्ट होतं.

पहिला वेढा हाताशी आला. मामाचा डावा तळहात आपोआप बरगड्यांवर गेला. जन्मभराची सवय. तो श्वास सुटायची वाट बघत थांबला, मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं हात तसाच ठेवून श्वास आत जायची वाट बघितली. आत गेला तसा त्यानं वेढा सोडला. पाणी सत्तावीसवर आलं. थांबले. दुसरा. चोवीस. थांबले. तिसऱ्याला घंटीनं तोंड मिटून एक मोठा श्वास घेतला, आणि लगेच तिचे डोळे फिरले. हिरड्या करड्याच्या पांढऱ्याफेक झाल्या. डॉक्टरीणबाई छातीला कान लावून म्हणाली, थांबा, थांबा, आणि बाटली हातात घेऊन पिळायला लागली. मामा दोन्ही हात हवेत धरून उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा चालत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. काचेपलीकडं ताई उठून उभी राहिली होती. तिला टेबल दिसत नव्हतं. मामाचे हवेतले हात दिसत होते.

मग डॉक्टरीणबाईनं मान हलवली आणि मामानं चौथा वेढा सोडला.

पाच वेढे निघाले, चार राहिले, आणि त्या चारांखाली मामाची दोन बोटं सहज जात होती. पाणी बारावर आलं. झिरपणं वाढलं नाही. हे सगळं व्हायला सव्वा तास लागला. साडेचारला थोरले डॉक्टर आले, टेबलाशेजारी पडलेलं कापड बघून त्यांचा आवाज चढला.

"पट्टा कुणी सोडला?"

"मी," मामा म्हणाला.

"कुणाला विचारून?"

"बांधला मीच होता ना, डॉक्टर."

डॉक्टर डॉक्टरीणबाईकडं वळले. ती पट्टी पुसत होती. तिनं ती त्यांच्यापुढं धरली, आणि एकतीसच्या रेघेवर बोट ठेवलं. डॉक्टर ते बोट बघत राहिले, मग आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बत्तीस वर्षांतली सगळी ऑपरेशनं त्यांचीही होती. मामा एकटा थोडाच बांधत होता, बांध म्हणणारा कुणीतरी होताच.

साडेपाचला पत्र्यावर थेंब पडल्याचा आवाज आला. झाडूवाली धावत आली आणि म्हणाली, मामा, मुतली. एवढ्या आनंदानं कुणी कुणाच्या मुताची बातमी दिली नसेल. मामानं मान डोलावली. त्याचा चेहरा मात्र काही खुलला नाही. तो पिंजऱ्यांच्या रांगेकडं बघत होता. बाकीचे पिंजरे त्या दिवशी रिकामे होते.

चौथ्या दिवशी सकाळी ताई घंटीला न्यायला आली. बाकावर तेव्हा पाच-सहा माणसं बसलेली. त्यांतला एक तो पहारेकरी होता, पिल्लू घेऊन आलेला. मामानं घंटीला उचलून ताईच्या हातात दिलं. घंटीनं ताईच्या कपड्याचं टोक तोंडात धरलं आणि सोडेना. ताईनं तिच्या पोटावरनं हात फिरवला, सैल पट्ट्याखाली बोटं घालून बघितली.

"हिला झालं काय होतं, धाकट्या?"

स्वतःचाच आवाज ताईला ऐकू यायचा नाही, त्यामुळं तो नेहमी गरजेपेक्षा मोठा असायचा. बाकावरचे सगळे बघायला लागले.

मामा तिच्या समोर उभा राहून हळू म्हणाला, "पट्टा घट्ट बसला होता."

"बांधला कुणी?"

"मी."

"सोडला कुणी?"

"मीच."

"बरं," ती म्हणाली. घंटीला खांद्यावर नीट घेतलं. दोन पावलं दाराकडं गेली. तिथं थांबली. ती काजं करणारी बाई. धागा कुठनं सुरू झाला ते बघितल्याशिवाय तिचा हात पुढं जायचा नाही. ती परत वळली आणि मामाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"आणि भुऱ्या?"

सगळ्या खोलीला ऐकू गेलं. पहारेकऱ्यानं मांडीवरच्या पिल्लाला थोपटायचं थांबवलं. झाडूवाली झाडू धरून उभी राहिली. थोरल्या डॉक्टरांचं दार किलकिलं होतं, ते तसंच राहिलं.

ताई मामाच्या ओठांकडं बघत होती. तिला घाई नव्हती. आठ वर्षांपूर्वी बाकावर बसून बघितले होते तेच ते ओठ.

मामानं ओठ हलवले. आवाज काढला नाही. काय म्हणाला ते आम्हा कुणालाच कळलं नाही. तिला कळलं. तिनं एकदा पापणी मिटली, घंटीला घेतलं आणि गेली.

पहारेकरी थोड्या वेळानं उठून खिडकीशी आला. मामा नसतील तरी चालेल, म्हणाला, दुसरं कुणी असेल तर बघा. आणि मग बाकावर न बसता पिल्लाला घेऊन भिंतीपाशी उभा राहिला.

मुलगा रविवारी गाडी घेऊन आला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. ताई अजून त्याच खोलीत राहते, काजं करते. मामाही दवाखान्यात आहे. पट्टा अजून तोच बांधतो, श्वास आत गेल्यावर, दोन बोटांची जागा ठेवून. ते दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी पुन्हा ऐकले नाहीत. झाडूवालीचं पोतं अजून त्याच खिळ्यावर असतं, पण ती ते आता जनावर गेल्यावरच काढते.

सुट्टीच्या दिवशी मामा बहिणीच्या दारात जातो. घंटी उठते, ताईच्या कपड्याचं टोक ओढते. कोण आलंय ते ओढण्यावरनं ताईला ओळखू येतं, कारण भावासाठी घंटी दोनदा ओढते. ताई सुई थांबवते. दाराकडं वळत नाही. आणि ती वळली नाही की तिच्याशी बोलायला कुणालाही वाट नाही, मग भाऊ असो की आणखी कुणी.

मामा उंबऱ्यावर बसतो. घंटी येऊन त्याच्या पायाशी आडवी पडते, आता ती कुशीवर खुशाल पडते. मामाचा डावा तळहात तिच्या बरगड्यांवर जातो. आत, बाहेर. आत, बाहेर. आत ताईचं कोपर हलत नाही, म्हणजे तिनं अजून सुई चालवलेली नसते. हात उचलून मामा जाईस्तोवर ती चालवत नाही.